घर राखणाऱ्या नायिकेचे कॉमिक कसे करावे: सूड, राखण आणि सोळा पाने

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी मुलांबरोबर चार दिवस कॉमिक करत होते. तिसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने आपली गोष्ट वाचून दाखवली. नायकाच्या वडिलांना गुंड मारतात, नायक डोंगरावर जाऊन शक्ती मिळवतो आणि एकेका गुंडाला गाठून सूड घेतो. चित्रे झकास होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प बसली होती. तिला विचारले तर म्हणाली, “बाई, तो रोज रात्री सूड घ्यायला बाहेर जातो. मग घरी त्याच्या आजीजवळ कोण असतं?”

त्या मुलाने पहिल्या पानावर आजी काढली होती. दुसऱ्या पानानंतर ती कुठेच नव्हती.

सूड आणि कुटुंबाची राखण या विषयावर सुपरहिरो कॉमिक करायचे असेल तर तो प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोरच्या भिंतीवर चिकटवा. सूड गेलेल्या माणसासाठी असतो, राखण उरलेल्यांसाठी. दोन्ही एकाच जिवाला करायची असतात आणि दोन्ही एकाच रात्री होत नाहीत. सुडाकडे टाकलेले प्रत्येक पाऊल घराचे दार उघडे टाकून गेले पाहिजे. हा ताण पानापानावर असेल तर मारामारीची चित्रे थोडी कच्ची असली तरी वाचक शेवटपर्यंत येतो.

आपण सोळा पानांचे कॉमिक करू. एका माणसाला घरातल्या टेबलावर, कामधंदा सांभाळून, दोनअडीच महिन्यांत होईल एवढेच. उदाहरण म्हणून मी एक गोष्ट सोबत रचत जाते. तुम्ही तुमची रचा.

आधी घर काढा

मुखवटा, केप, छातीवरचे चिन्ह हे सगळे मागाहून येऊ द्या. पहिला आठवडा घराला द्या. ज्या घराची राखण करायची ते घर वाचकाला पाठ झाले पाहिजे. घराचा नकाशा वरून पाहिल्यासारखा काढा: पायऱ्या, वसरी, राजांगण म्हणजे घरातला चौक, तुळस, देवघर, चूल, मागचे दार, न्हाणी, विहीर. आजी कुठे झोपते, धाकटा भाऊ कुठे अभ्यासाला बसतो, कुठले कौल पावसात गळते, कुठली खिडकी नीट लागत नाही हे ठरवा. ती न लागणारी खिडकी तेराव्या पानावर उपयोगी पडेल.

जमले तर खऱ्या घरात बसून काढा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला गिलावा नसेल तर चिरा भोकाभोकांचा, खडबडीत दिसतो आणि कंदिलाच्या उजेडात त्या भोकांच्या सावल्या पडतात. काळ्या शाईत हे फार छान उतरते. माणसांच्या गर्दीसाठी लोटलीच्या मारिओ मिरांडांची (१९२६–२०११) चित्रे पाहा. रेइश मागूशच्या किल्ल्यात त्यांच्या चित्रांचे दालन आहे. त्यांच्या गर्दीत एकही चेहरा दुसऱ्यासारखा नसतो. गावच्या जत्रेचे चित्र काढताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

माझ्या उदाहरणातले घर झुआरी नदीच्या काठी खाजन शेतीच्या कडेला आहे. खाजन का, तर गोव्यात राखणीचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो आणि बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा मानशीची फळी मिटते. ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा ती उघडते. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे असेच चालले आहे. आत कोरगुटासारखे खाऱ्या मातीत तग धरणारे भात, मानशीपाशी रात्री जाळ्यात येणारी सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि काळुंद्रे मासे. हा सगळा पसारा बांधाच्या जिवावर उभा असतो. बांध फुटला आणि मिठाचे पाणी शेतात बसले की पुढचे पावसाळे ते मीठ धुवून काढण्यात जातात.

कोण गेले आणि कोण उरले

वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे गेलेल्यांची नावे, उजवीकडे उरलेल्यांची. बहुतेक नवे लेखक डावी बाजू रंगवून लिहितात आणि उजवीकडे ‘आई, बहीण’ एवढे लिहून थांबतात. उलटे करा. गेलेल्या माणसाची एकच सवय पुरते. उरलेल्या प्रत्येकाची तीन-तीन लिहा.

माझी नायिका वेणू, वय एकोणीस. वडील मानशीवर राखणीला असत. बांध फुटला त्या रात्री ते वाहून गेले. त्यांची एक सवय: घरी येताना अंगणाबाहेरून खाकरायचे, म्हणजे आजी दाराची कडी काढायची. उरली आजी आणि दहा वर्षांचा भाऊ. आजीला कमी ऐकू येते, ती कंदील कधी पूर्ण विझवत नाही आणि पेजेच्या ताटलीत शेवटचा घास कुत्र्यासाठी ठेवते. भाऊ प्रश्न विचारत राहतो, अंधाराला भितो, पण तसे कबूल करत नाही.

आता सुडाचे कारण दोन पानांत सांगून टाका. त्याहून जास्त नको. १९३९ साली बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून आणि मुलाने घेतलेली शपथ पहिल्यांदा सांगितली गेली ती दोनच पानांत. १९६२ सालच्या स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीत शक्ती मिळणे, चोराला जाऊ देणे, काकाचा खून, खुन्याला पकडणे आणि तो तोच चोर असल्याचे कळणे हे सगळे अकरा पानांत मावले आहे. दुःख लांबवले की पातळ होते.

इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे वेताळ या नावाने आलेला फँटम आठवून पाहा. ली फॉकने तो १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आणला. गोष्ट अशी की १५३६ साली चाचे जहाजावर हल्ला करतात, बाप मारला जातो, मुलगा किनाऱ्याला लागतो आणि बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. शपथ कुणा एकाला मारण्याची नसते, चाचेगिरी आणि क्रौर्य मोडून काढण्याची असते, आणि ती मुलाकडून नातवाकडे जात राहते. म्हणजे सुडाची राखण झाली. आपल्याकडे तर वेताळ हे गावच्या देवाचे नाव. आमोणे, प्रियोळ, पैंगीण अशा कितीतरी गावांत त्याची देवळे आहेत. त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि रात्री गावाची फेरी मारून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. झिजलेली वहाण हे घर राखणाऱ्या माणसाचे फार मोठे चित्र आहे. ते पुढे वेषात वापरू.

शक्तीला घड्याळ लावा

जी शक्ती कधी संपत नाही तिच्यात गोष्ट नाही. शक्ती अशी निवडा जी गावातूनच येते आणि जिला वेळेचे बंधन आहे. वेणूची शक्ती भरतीबरोबर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते. पाणी तिच्या घोट्यापर्यंत असेल तर ती साधी मुलगी. छातीपर्यंत असेल तर एका हाताने होडी उलटी करील.

याचा फायदा कागदावर लगेच दिसतो. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तास असतात, दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. तिथी ठरवली की शक्ती ठरली. उधाणाच्या रात्री वेणू सर्वांत बलवान असते, आणि नेमक्या त्याच रात्री बांधावर, पर्यायाने घरावर, पाण्याचा सर्वांत मोठा दाब असतो. सूड घ्यायची आणि घर राखायची वेळ एकच झाली. हे जमले तेव्हा मी टेबलावरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या. तुमच्या गोष्टीत असा सांधा सापडेपर्यंत चित्रे सुरू करू नका.

खाणपट्ट्यातले असाल तर शक्ती लाल धुळीतून येईल, सत्तरीतले असाल तर रानातून. पण तिची उलटी बाजू घरावरच पडली पाहिजे.

खलनायक घरातला असू द्या

इथे मी थोडी हट्टी आहे. गोव्यातल्या नवशिक्या गोष्टींत खलनायक हटकून बाहेरून आलेला असतो: काळा चष्मा, मोठी गाडी, वेगळी भाषा. तसा काढणे सोपे आहे आणि त्यात वाचकाला विचार करावा लागत नाही. पण बांध कुठे पोकळ आहे, खेकड्यांनी कुठे बिळे केली आहेत, मानशीची फळी कुठल्या खिळ्यावर सैल आहे हे बाहेरच्याला कसे कळणार? बांध फोडायला गावचाच माणूस लागतो.

म्हणून वेणूचा खलनायक तिचा सख्खा काका. त्याला शेत पडीक हवे आहे, कारण पडीक शेताचा सौदा लवकर होतो. त्याने घराच्या कागदांतही हात घातला आहे. आपल्याकडे एकेका घरावर पाचपन्नास वारसांची नावे असतात, निम्मे परदेशी असतात, जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये असतात. वडिलोपार्जित मालमत्ता बनावट कागदांवर लाटल्याच्या प्रकरणांसाठी राज्य सरकारला २०२२ साली खास तपास पथक नेमावे लागले. त्यामुळे या धाग्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. वाचकाच्या घरात कुणीतरी हा त्रास सोसलेला असतो.

काका वाईट दिसू देऊ नका. तो वेणूच्या भावाला खाऊ आणतो. त्याची मुलगी बाहेर शिकते आहे, तिच्या फीची तारीख जवळ आली आहे. त्याच्या तोंडी “मी पण घरासाठीच केलं” हे वाक्य द्या आणि ते खरे असू द्या.

आणि आता उजव्या बाजूची यादी पुन्हा उघडा. काका हा आजीचा दुसरा मुलगा. एक पाण्याने नेला. वेणूने सूड घेतला तर दुसराही जाईल, आणि तो नातीच्या हातून. वाचनालयातल्या त्या मुलीच्या प्रश्नाने मला इथपर्यंत आणले. आजीजवळ कोण असते एवढेच विचारून भागत नाही. आजीचे काय उरते, हेही विचारावे लागते.

वेष

गावचा राखणदार कसा असतो म्हणून कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. खांद्यावर कांबळ, हातात घुंगरांची काठी, दुसऱ्या हातात चूड, पायांत वहाणा. रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याला रोट आणि विडी ठेवतात. आपला सुपरहिरो या परंपरेतला असेल तर केपची गरज नाही, कांबळ आहे.

एक मर्यादा पाळा. एखाद्या गावच्या खऱ्या देवाला किंवा राखणदाराला पात्र करून त्याच्याकडून मारामारी करवू नका. लोकांची त्याच्यावर श्रद्धा आहे, त्याच्या नावाने गाऱ्हाणे घातले जाते. तुमची नायिका माणूस असू द्या, जिने ते काम अंगावर घेतले आहे. वेणू वडिलांचे कांबळ घेते आणि वडिलांच्याच वहाणा घालते. त्या तिला मोठ्या होतात. पहिल्या पानांत पाऊल वहाणेत सरकते आहे, शेवटी टाच झिजली आहे. वाढ दाखवायला एवढे पुरे.

रंग करायचे असतील तर दोनच करा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे असतात: पांढरा चुना, त्यावर लाल मातीचा थर, आणि तो कोरून काढलेले पांढरे आकार. तोच लाल-तपकिरी रंग आणि कागदाचा पांढरा, सोबत रेषेचा काळा. छपाई स्वस्त होते आणि पान दुरूनही आपले वाटते. दिवसाच्या दृश्यांत लाल कमी ठेवा आणि उधाणाच्या रात्री सगळे पाणी लाल करा.

पानांची आखणी

ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्ह आकाराची चार पाने होतात. चार कागद म्हणजे सोळा पाने. पहिले पान मुखपृष्ठ, सोळावे मलपृष्ठ, गोष्टीला मधली चौदा. आधी चार कोरे कागद दुमडून एक छोटी वही करा, पानांवर आकडे घाला आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने एकच वाक्य लिहा: या पानावर काय बदलते. काही बदलत नसेल तर ते पान काढून टाका.

पान उलटल्यावर डावीकडचे, सम आकड्याचे पान समोर येते. धक्का तिथे ठेवा. उत्सुकता त्याच्या आधीच्या उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत. आठ आणि नऊ ही पाने एकाच अखंड कागदावर येतात, मध्ये पिन असते. सर्वांत मोठे दृश्य तिथेच घ्या, कारण दुसरीकडे जोडचित्र घेतले तर दोन्ही बाजू छपाईत एकमेकींना मिळत नाहीत. माझ्या गोष्टीत तिथे उधाणाच्या रात्रीचा बांध आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एका कोपऱ्यात घराची एवढीशी उजळलेली खिडकी.

एका पानावर पाच-सहा चौकटी पुरेत. मूळ चित्र ए-फोरवर काढा आणि छापताना निम्म्या आकाराचे करा. हाताची थरथर त्यात लपते. पण बारीक रेषा नाहीशा होतात, म्हणून रेषा जरा जाडच काढा.

एक पान जवळून

अकरावे पान. गोष्ट इथे वळते, म्हणून चौकटी एकेक करून सांगते.

पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची. मानशीजवळ चिखलात काका आडवा, वेणूचा हात त्याच्या गळपट्टीवर. पाणी तिच्या कमरेपर्यंत आले आहे आणि चढते आहे. शब्द नाहीत.

दुसरी, काकाचा चेहरा. “मार. दादाला त्या रात्री मीच हाक मारून बांधावर बोलावलं होतं.”

तिसरीत फक्त वेणूची मूठ, वर उचललेली, कोपरावरून पाणी गळते आहे.

चौथी चौकट इतर सगळ्यांपेक्षा लहान. तिच्यात काळोख आणि डाव्या कडेने आत शिरणारी बारीक अक्षरे: टण्... टण्... टण्... आजी पितळी ताटलीवर पळी आपटते आहे. संकट आले की ताटली वाजवायची हे आपण चौथ्या पानावर सांगून ठेवले होते. तिथे ते भावाच्या खेळातले वाटले होते.

पाचवी, वेणूचे डोळे. त्या अक्षरांच्या दिशेला वळलेले.

सहावी, पुन्हा गळपट्टीवरचा हात. तो आवळतो आहे की सुटतो आहे हे चित्रातून कळता कामा नये. बोटांची ठेवण मी अकरा वेळा काढली. अंगठा दिसला की हात आवळल्यासारखा वाटतो, म्हणून अंगठा कापडाच्या घडीमागे ठेवला.

पान उलटा. बारावे पान म्हणजे एकच चित्र. घराच्या पायऱ्यांना पाणी लागलेले, दारात आजी कंदील धरून उभी, तिच्या मागे भाऊ. समोरून वेणू येते आहे, पाण्याने निथळत, आणि तिच्या पाठीवर काका. तिथे टाकून आली असती तर तो बुडाला असता, आणि घराकडून बांध आणखी कुठे पोखरला आहे हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. आजी एवढेच म्हणते, “बाये, घरा यो.”

बोली आणि अक्षरे

ते वाक्य कोंकणीत आहे. आपल्यापैकी कितीतरी जण घरात कोंकणी बोलतात आणि लिहितात-वाचतात मराठीत. निवेदन मराठीत ठेवा, आजीला तिची बोली द्या. “भियेनाका” म्हणणाऱ्या आजीच्या तोंडी “घाबरू नकोस” घातले तर ती आजी राहत नाही. फक्त चौकटीतल्या चित्रावरून अर्थ लागला पाहिजे, तळटीप देऊ नका.

एका फुग्यात पंधरा-वीस शब्दांहून जास्त नकोत. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर सढळ सोडावे लागते आणि फुगा उंच होतो. हे आधी लक्षात घेतले नाही तर फुगे चेहऱ्यांवर चढतात. म्हणून चित्राआधी अक्षरे लिहा, मग उरलेल्या जागेत चित्र बसवा. शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका. हाताने लिहिणार असाल तर छापून लहान झाल्यावर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ वेगळे दिसतात का ते तपासा. संगणकावर करणार असाल तर क्रिटा आणि इंकस्केप फुकट मिळतात, बलू किंवा मुक्त हे फॉन्टही फुकट आहेत आणि युनिकोडमध्ये आहेत.

आवाज मराठीतून उचला. आपल्याकडे त्यांची वानवा नाही. बांध एकदम फुटत नाही. आधी खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपते: बुडबुड. मग माती सुटते: भुसभुस. आणि मग भस्सकन. तीन चौकटी, तीन आवाज, आणि अक्षरांचा आकार वाढत जाणारा. वहाणांचा फटक्-फटक् आवाज वेणूबरोबर सगळ्या गोष्टीत चालू द्या. एका पानावर तो थांबला तर वाचक दचकेल.

शेवट कसा करावा

मारून टाकणे किंवा माफ करणे, हे दोनच शेवट आहेत असे समजू नका. शिगम्याला साखळी-फोंड्याकडे वीरभद्र नाचतो, दोन्ही हातांत तलवारी, पाठीमागे पेटत्या चुडी. त्याची कथा सुडाचीच. बाप दक्ष याच्या यज्ञात सतीने देह टाकला, शिवाने जटा आपटली, त्यातून वीरभद्र निघाला आणि त्याने दक्षाचे शिर उडवले. पण कथा तिथे थांबत नाही. पुढे दक्षाला बोकडाचे शिर लावून उठवतात आणि मोडलेला यज्ञ पुरा होतो. दक्ष जगतो, पण पहिल्यासारखा राहत नाही. तुमच्या खलनायकाला असे कुठले शिर मिळते?

काका पोलिसांपुढे आणि गावापुढे काय केले ते सांगतो. हे मी चौदाव्या पानावर दोन चौकटींत आटोपते. पंधराव्या पानावर सकाळ आहे, ओहोटी आहे, वेणूची शक्ती उतरलेली आहे. आजी पेज वाढते. काकाचे ताट ती बाहेर वसरीवर ठेवते, आत घेत नाही. वेणू उंबऱ्यावर बसली आहे, घराकडे पाठ करून, वडिलांच्या वहाणांचा चिखल काडीने काढत. भाऊ विचारतो, “आता झोपशील?” उत्तर लिहू नका.

छापणे आणि बांधणे

रेषाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा, रंगीत पाने ३०० वर. पानाच्या चारही बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्तीचे सोडा, कापताना ते जाते. फाइल पीडीएफ करून, फॉन्ट आत बसवूनच छापखान्यात द्या. एकदा एका छापखान्यात माझी सगळी जोडाक्षरे सुटी होऊन छापली गेली होती, दोनशे प्रती. तेव्हापासून मी एक प्रत समोर उभी राहून काढून घेते, ती घरी आणून मोठ्याने वाचते आणि मगच बाकीच्या छापायला सांगते. आतला कागद १०० जीएसएमचा चालतो, मुखपृष्ठाचा कागद थोडा जास्त जाड घ्या.

पात्रे तुमचीच असू द्या. दुसऱ्यांचे प्रसिद्ध नायक घेऊन विकायला गेलात तर कायद्यात अडकाल. तुम्ही काढलेल्या चित्रांवर आणि गोष्टीवर तुमचा हक्क ती काढल्याक्षणी असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरी पहिल्या पानाच्या तळाशी नाव आणि साल घाला.

पहिल्या खेपेला पन्नास प्रती पुरतात. पाच शाळांच्या वाचनालयांना, काही ओळखीच्यांना, उरलेल्या जत्रेच्या फेरीत एखाद्या पुस्तकवाल्याच्या टेबलावर. पिना लांब हाताच्या स्टेपलरने मारा, पाठीच्या घडीवर बरोबर, दोन, वरून आणि खालून साधारण चार-चार सेंटिमीटर सोडून. टोके आतल्या बाजूला, आठ-नऊ पानांच्या मधे वळतील असे धरा, आणि ती चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. लहान मुले तेच पान सर्वांत जास्त उघडतात, बोटाला लागू नये.